घरातली पहिली लागवड: कुंडी की हायड्रोपोनिक्स?
पणजी-म्हापशाच्या फ्लॅटमध्ये ऊन मोजकंच, त्यामुळे पांढरा एलईडी दिवा दोन्हीकडे हवाच, रोज १२ ते १४ तास. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीशिवाय पोषकद्रव्यं घातलेल्या पाण्यात, लेट्यूस, बेझिल मातीपेक्षा भराभर वाढतात. पण पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ राखावा लागतो, आणि पाण्यात हवा सोडणाऱ्या एअर पंपावरची मांडणी असेल तर पावसाळ्यात वीज गेली की मुळांचा प्राणवायू तुटतो. गोव्यात हा धोका खराच मोठा!

कुंडी सावकाश चालते, पण नवशिक्याच्या चुका पोटात घालते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट, तळाला भोकं, एवढंच. मात्र जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की रोज पाणी घातलंत तर मुळं कुजतात. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. मी कुंडीच सुचवेन, तीही पुदिन्याच्या काडीपासून.