वॉशिंग मशीनचा ड्रम कुंडी म्हणून: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

परवा गच्चीवरचा तेलाचा डबा हलवायला उचलला, तर तळ तिथेच राहिला. वरचा पत्रा माझ्या हातात आणि खाली मिरचीच्या झाडासकट मातीचा चौकोनी गड्डा. 15 किलोच्या डब्यांपैकी हा शेवटचा होता, तोही गेला. त्याच्या शेजारी वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये लावलेलं कागदी लिंबू मात्र दुसरा पावसाळा काढून जोमात उभं आहे आणि ड्रमच्या पत्र्याला गंजाचा ठिपकाही नाही. भंगारातून काय काय आणून झाडं लावता येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं टिकतं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून लिहितेय.

ड्रम घरचाच. आमचं फ्रंट लोड मशीन स्पिनला लागलं की घरघरायला लागलं होतं. कंपनीचा माणूस आला, ड्रम हाताने हलवून पाहिला आणि बेअरिंग गेलंय म्हणाला. बरं, मग बदला. तर म्हणे बेअरिंग वेगळं बदलता येत नाही, टब सील्ड आहे, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. खर्च जवळपास नव्या मशीनच्या निम्मा. बेअरिंग ही बाजारात सुटी मिळणारी वस्तू आहे. ती बसते तो प्लास्टिकचा टब दोन भागांचा असतो. ते दोन भाग स्क्रूने जोडले असते तर कोणत्याही मेकॅनिकने ते उघडून काम केलं असतं. पण हल्ली अनेक मशीनमध्ये ते वितळवून एकजीव केलेले असतात, त्यामुळे एका बेअरिंगपायी धडधाकट मशीन मोडीत जातं. याचा मला आजही राग आहे. एक्स्चेंजमध्ये जुन्या मशीनचे 1200 रुपये देत होते. ते नाकारलं आणि आम्ही दोघांनी मशीन घरीच खोललं.

टबचा जोड हेक्सॉने गोल कापावा लागला. आतून निघालेला ड्रम मात्र बघत राहावा असा. मागे ॲल्युमिनियमचा तीन पायांचा सांगाडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. साबणाच्या पाण्याने तो पांढरा पडून भुसभुशीत झाला होता, पण स्टीलला काही झालेलं नव्हतं. आतल्या तीन प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, तर त्यांच्या पोकळीत काळं बुळबुळीत शेवाळ, ब्लाउजचे हूक आणि एक रुपयाचं नाणं. ते सगळं धुऊन काढलं. खाली आलेला जाड शाफ्ट फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडरने कापून दिला. त्याचं खुंट साध्या लोखंडाचं असल्यामुळे गंजतं आणि फरशीवर डाग पाडतं. म्हणून ड्रम तीन विटांवर ठेवलाय.

आता मुख्य गोष्ट, भोकं. या ड्रमला बाजूने सगळीकडे आणि माझ्या ड्रमला तळालाही कारखान्यातूनच पाडलेली बारीक भोकं आहेत. मातीचे कण अडकून राहतील इतकी बारीक, पाणी अडणार नाही इतकी भरपूर. गच्चीवरच्या कुंडीचं भवितव्य भोकांवर ठरतं, याबद्दल माझी आता खात्री झाली आहे. रंग, आकार, खत हे सगळं नंतर.

तेलाच्या डब्याचंच बघा. त्याच्या पत्र्याला कथलाचा पातळ मुलामा असतो, त्यामुळे तो किराणा दुकानात वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. आपण खिळा ठोकला की भोकाच्या कडेला उघडं लोखंड येतं आणि पाणी रोज नेमकं तिथूनच जातं. गंज तिथे सुरू होतो आणि तळभर पसरतो. माझा एकूण एक डबा भोकापासूनच गेला. रंगाच्या 20 लिटरच्या बादल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना खिळा ठोकला की भोकापासून तडा जातो. गरम सळईने भोक पाडलं तर चालतं, पण उन्हात ते प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं आणि एक दिवस कडी धरून उचलताना काठ हातात येतो. स्टेनलेस स्टीलचं तसं नाही. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो आणि कापलं किंवा भोक पाडलं तरी तो पुन्हा तयार होतो. त्यामुळे हजार भोकं असूनही गंजाला जागा मिळत नाही.

तळाशी खडीचा थर घाला, असा सल्ला नर्सरीवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे देतात. मला तो पटत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजून ठिबकायला लागेपर्यंत ते वरच अडकून बसतं. म्हणजे खडी घातली की चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा तुकडा ठेवला तरी पुरे. ड्रमला तीही लागत नाही.

लिंबाला ओले पाय अजिबात सोसत नाहीत. याआधीची दोन रोपं प्लास्टिकच्या कुंडीत, श्रावणातल्या सततच्या पावसात मुळं कुजून गेली. ड्रममधल्या रोपाचं एक पानही पिवळं पडलं नाही. शिवाय मूळ भोकापर्यंत आलं की हवेने त्याचं टोक सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात, त्यामुळे मुळं कुंडीच्या आत गोल गोल फिरून गुंता करत नाहीत. मागच्या वर्षीपर्यंत मी हा ड्रम दहापैकी दहा म्हणून सगळ्यांना सांगत होते.

एप्रिलने ते मत बदललं. ज्या भोकांतून पावसाचं पाणी जातं, त्याच भोकांतून उन्हाळ्यात ओलही जाते. सकाळी भरपूर पाणी घातलेली माती दुपारी तीनला कडेने कोरडी ठक्क. पत्रा पश्चिमेच्या उन्हात इतका तापतो की हात लावून धरवत नाही. लिंबाने कोवळी फूट टाकून दिली. मग ड्रमला बाहेरून ओलं गोणपाट दोन वेढ्यांनी गुंडाळलं, वर नारळाच्या शेंड्यांचं जाड आच्छादन केलं आणि तो टाकीच्या सावलीत सरकवला. झाड सावरलं. जून लागला की गोणपाट सोडायचं आणि मार्च आला की पुन्हा बांधायचं. एवढं करायची तयारी नसेल, तर मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी या ड्रमच्या वाटेला न गेलेलं बरं. तिथे साधी मातीची मोठी कुंडीच चांगली.

दुसरी अडचण तोंडाची. फ्रंट लोडचा ड्रम पोटाला मोठा आणि काठाला आत वळलेला असतो, त्यामुळे मुळांचा गड्डा अख्खा बाहेर काढता येत नाही. यात कायमचं झाडच लावा: लिंबू, कढीपत्ता, मोगरा.

ही तोंडाची अडचण नको म्हणून पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून (रविवारी आणि बुधवारी भरतो) टॉप लोडचा एक ड्रम आणला. सरळ तोंडाचा, त्यामुळे भाजीला सोयीचा. त्यात पुदिना लावला आणि थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या. कारण सापडलं ते ड्रमच्या काठावरच्या प्लास्टिकच्या जाड कड्यात. मशीन फिरताना तोल राहावा म्हणून त्या कड्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. माझ्या कड्याला तडा होता आणि ते पाणी मातीत झिरपत होतं. विकणाऱ्याला याची काहीच कल्पना नव्हती. तेव्हा टॉप लोडचा ड्रम घेताना कडं हलवून बघा. आत पाणी खुळखुळलं तर झाड लावण्याआधी स्क्रू काढून ते कडं बाजूला करा. हा ड्रम आता मी दिवाळीत वापरते. उलटा ठेवून आत एलईडीची माळ सोडली की भिंतभर प्रकाशाचे ठिपके पडतात, आणि सोसायटीतली सगळी पोरं ते बघायला गच्चीवर येतात. इतका सुंदर दिवा विकत घ्यायला गेले असते तर परवडला नसता.

सोसायटीचं नाव निघालंच आहे तर वजनाचं सांगते. खाली गळती होते म्हणून सेक्रेटरींनी सगळ्या कुंड्या उतरवायला सांगितल्या होत्या. गळती टाकीच्या पाइपची निघाली, पण त्या निमित्ताने मी हिशेब केला. वावर असलेल्या सपाट छतासाठी आयएस 875 मध्ये (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) धरलेला भार साधारण 150 किलो प्रति चौरस मीटर आहे. निळं 200 लिटरचं पिंप अर्धं कापून नुसत्या मातीने भरलं, तर ओलं असताना एकटं अर्धं पिंपच दीडशे किलोच्या वर जातं. माझा ड्रम साधारण 50 लिटरचा. त्यात मी माती कमी आणि रसवंतीवरचं चिपाड, वाळलेला पाला, कोकोपीट जास्त घालते. चिपाडाला मुंग्या येतात, म्हणून आधी भिजवून पिळून घ्यायचं. जड वस्तू खांब आणि तुळईच्या रेषेत ठेवायच्या, गच्चीच्या मधोमध कधीच नाही. निळं पिंप घेणार असाल तर आधी त्यावरचं लेबल वाचा. लेबल खरवडलेलं असेल किंवा आत वास असेल, तर फुकट मिळालं तरी खाण्याच्या भाजीसाठी आणू नका.

मशीनच्या बाकीच्या भागांपैकी काचेचं दार पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवलंय. नुसत्या काचेवर त्यांचे पाय घसरतात, आत गोटे टाकल्यावर बुलबुल यायला लागले. पाणी रोज बदलते, कारण डेंग्यूचा डास अंड्यापासून आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. याच कारणाने टायर मी गच्चीवर येऊच देत नाही, कितीही रंगवून छान दिसले तरी. मशीनमधले सिमेंटचे वजनाचे ठोकळे वेलाच्या मांडवाचे पाय दाबायला उत्तम.

पाडलेल्या वाड्यातली एक खिडकीही आणली होती, जुन्या सागवानाची. तिच्यावर मनी प्लांट सोडलाय आणि ती भाज्यांपासून लांब भिंतीवर आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगाचे पोपडे मातीत पडू द्यायचे नाहीत आणि असं लाकूड घरात घासायचं तर मुळीच नाही.

आता तेलाच्या डब्यांच्या जागी मला आणखी एक फ्रंट लोडचा ड्रम हवा आहे. जुन्या बाजारातला माझा नेहमीचा माणूस आता हे ड्रम "गार्डनवाले" म्हणून वेगळे काढून ठेवतो आणि नगावर तिप्पट भाव सांगतो. त्याच्याकडून घेणार नाही. घराजवळच्या भंगाराच्या दुकानात तोच ड्रम अजून स्टीलच्या भावाने, काट्यावर मिळतो. स्पायडर आणि शाफ्ट आधी काढायला लावा, नाहीतर त्यांचंही वजन स्टीलमध्ये धरतात.