साडेसहा फुटी हौदा : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पिकअप घेताना इंजिन, गिअर, मायलेज यांची चर्चा तासन्‌तास होते आणि हौद्याची, म्हणजे मागच्या माल ठेवण्याच्या जागेची, लांबी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, बहुधा गाडी कशी दिसते यावरून ठरते. मीही पहिल्या वेळी तेच केले होते. लाकडी कपाटे आणि स्वयंपाकघरातील ओटे तयार करून ग्राहकाच्या घरी बसवून देण्याचा माझा व्यवसाय आहे. त्यासाठी मी आधी ४ वर्षे साडेपाच फुटी हौद्याची चार दारांची गाडी वापरली. गेले १४ महिने त्याच आकाराची, चार दारांची, पण साडेसहा फुटी हौद्याची गाडी वापरतो आहे. माझ्या एका सहकाऱ्याची दोन दारांची, आठ फुटी हौद्याची गाडीही मी बऱ्याचदा चालवतो. त्यामुळे तिन्ही लांबींविषयी ऐकीव नव्हे, तर हाताखालून गेलेले तेवढेच लिहीत आहे.

सर्वांत आधी मापांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण ज्या आकड्यांनी हौदा ओळखला जातो ते आकडे ढोबळ असतात. उदाहरणार्थ, फोर्डच्या एफ-१५० या मोठ्या पिकअपमध्ये साडेपाच फुटी म्हणवला जाणारा हौदा तळाशी सुमारे ६७ इंच, साडेसहा फुटी सुमारे ७९ इंच आणि आठ फुटी सुमारे ९८ इंच भरतो. इतर मोठ्या पिकअपमध्येही याच्या आसपासचीच मापे आढळतात. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स अशा मध्यम आकाराच्या गाड्यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या चार दारांच्या गाडीत हौदा साधारण दीड मीटरचा असतो आणि दोन्ही चाकांवरील उंचवट्यांमधले अंतर १.१ मीटरच्या आसपास असल्यामुळे ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची शीट तळावर सपाट बसतच नाही, ती उंचवट्यांच्या वर ठेवावी लागते. शीट नेणाऱ्या माणसाने म्हणूनच लांबीच्या आधी ही आतली रुंदी टेपने मोजावी. तळावर रबरी चटई किंवा प्लास्टिकचे अस्तर असेल, केबिनला लागून आडवी हत्यारपेटी बसवायची असेल, तर तीही वजा करावी. अशी पेटी वरच्या बाजूला दीड फूट तरी जागा घेते आणि आखूड हौद्यात तो दीड फूट फार जाणवतो.

माझे पहिले चुकलेले गणित फाळक्याचे, म्हणजे हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या दाराचे होते. साडेपाच फुटी हौद्यात फाळका उघडला की जवळजवळ २० इंच जागा वाढते, म्हणजे सात फूट मिळाले, शीट फुटभर बाहेर राहील, एवढे चालेल, असा माझा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. रोजच्या कामात मात्र फाळका उघडा ठेवून गाडी चालवणे म्हणजे काय हे कळायला मला सहा महिने लागले. माझ्या गाडीत मागचा कॅमेरा फाळक्याच्या कडीजवळ आहे. फाळका आडवा होताच तो रस्त्याकडे बघू लागतो आणि ज्या दिवशी मागे लांब माल बाहेर आलेला असतो, नेमक्या त्याच दिवशी गाडी मागे घेताना डोळे गेल्यासारखे होते. हौद्यावरचे झाकण बंद करून उपयोग होत नाही, कारण मागची बाजू उघडीच असते. पाऊस आला तर शीटची टोके भिजतात, आणि भिजलेली टोके फुगली की तेवढी पट्टी कापून टाकण्यावाचून इलाज नसतो. मालाला कुलूप लावता येत नाही, त्यामुळे वाटेत गाडी सोडून जाता येत नाही. बहुतेक ठिकाणी बाहेर आलेल्या मालाच्या टोकाला दिवसा लाल फडके आणि रात्री दिवा लावणे बंधनकारक असते आणि किती माल बाहेर चालतो याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते आपापल्या भागापुरते नीट पाहून घ्यावेत.

एकदा चढावर पट्टा सैल पडला आणि सर्वांत वरच्या दोन शीट मागे सरकत गेल्या. मी गाडी थांबवली तेव्हा वरची शीट निम्म्याहून अधिक बाहेर आली होती आणि तिचा एक कोपरा घासून चुरगळला होता. मागून कोणी दुचाकीवर येत असते तर काय झाले असते, या विचाराने त्या दिवशी माझे हात थरथरत होते. पट्टा घट्ट नव्हता ही चूक माझीच होती. परंतु फाळका बंद असता तर शीट त्याला टेकून थांबली असती, हेही तितकेच खरे आहे.

आता साडेसहा फुटी हौद्यातही आठ फुटी शीट फाळका बंद करून सपाट मावत नाही, हे मान्य करतो. तरीही १४ महिन्यांत मला जो फरक जाणवला तो एका फुटाच्या मानाने फार मोठा आहे. साडेपाच फुटी हौद्यात शीटचा २९ इंच भाग बाहेर यायचा, त्यातले सुमारे ९ इंच फाळक्याच्याही पलीकडे अधांतरी राहायचे आणि खड्ड्यात गाडी आदळली की ते टोक वरखाली होत असे. आता १७ इंचच बाहेर येतात आणि ते पूर्णपणे फाळक्यावर टेकलेले असतात. तयार कपाटांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला आहे. माझी बहुतेक कपाटे सहा ते साडेसहा फूट उंचीची असतात. ती आडवी ठेवली की फाळका बंद होतो, वर ताडपत्री ओढता येते आणि मी निर्धास्तपणे जेवायला उतरू शकतो. माझ्या नोंदवहीनुसार महिन्यातल्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या अशाच मालाच्या असतात, शीटच्या फेऱ्या त्यामानाने कमी. हे मी पहिली गाडी घेण्याआधी लिहून काढले असते तर चार वर्षांची कसरत वाचली असती.

दुसरी गाडी घेताना मी तसे केले. दोन महिने प्रत्येक फेरीत काय नेले, ते किती लांब होते आणि फाळका उघडावा लागला का, एवढेच तीन रकान्यांत लिहिले. मग एका रविवारी कारखान्याच्या फरशीवर खडूने तिन्ही हौद्यांचे आयत आखले आणि चाकांवरील उंचवट्यांच्या जागी विटा मांडल्या. त्या आयतांत खरा माल ठेवून पाहिला : कपाट, दोन स्टूल, हत्यारांची पेटी, वायरची गुंडाळी, मुलाची मोटारसायकल. मोटारसायकलची लांबी दोन मीटरहून थोडी अधिक आहे. साडेपाच फुटी आयतात तिचे मागचे चाक रेषेच्या बाहेर गेले. साडेसहा फुटी आयतात पुढचे चाक एका कोपऱ्यात आणि मागचे समोरच्या कोपऱ्याकडे असे तिरके ठेवल्यावर ती आत राहिली. गाडी आल्यानंतर ती प्रत्यक्षातही तशीच बसली. खडूच्या रेषेने जे दाखवले ते कोणत्याही माहितीपत्रकाने दाखवले नव्हते.

वजनाबाबत एक गैरसमज मी अनेकांकडून ऐकतो, की लांब हौद्यात जास्त वजन नेता येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. गाडीचे कमाल एकूण वजन तेच ठेवले, तर लांब हौद्याचे आणि लांब चेसिसचे (गाडीच्या खालच्या सांगाड्याचे) स्वतःचे वजन मालाच्या वाट्यातूनच वजा होते. दाट, जड माल नेणाऱ्याला तर लांबीचा उपयोग फारसा होत नाही. मोठ्या पिकअपच्या साडेपाच फुटी हौद्याचे आकारमानच सुमारे दीड घनमीटर असते. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १.६ टन भरते, म्हणजे तो हौदा काठोकाठ भरला तर जवळजवळ २.४ टन होतील आणि या वर्गातील गाडीला तेवढे वजन झेपत नाही. वाळू, खडी, विटा किंवा पाण्याची टाकी नेणाऱ्याने दाराच्या चौकटीवरील वजनाची पाटी वाचावी, हौद्याची लांबी त्यानंतर पाहावी.

वजन किती यापेक्षाही ते कोठे पडते, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. हौदा लांब करताना वाढीव लांबी बहुतेक वेळा मागच्या आसाच्या (दोन्ही मागची चाके ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) पुढे, केबिन आणि चाक यांच्यामध्ये घातली जाते. वर उल्लेखिलेल्या एफ-१५० च्या चार दारांच्या गाडीत हौदा साडेपाचवरून साडेसहा फुटी झाला की दोन आसांमधले अंतर सुमारे १४५ इंचांवरून १५७ इंचांवर जाते, म्हणजे वाढलेला संपूर्ण फूट त्या अंतरातच जातो. मी माझ्या दोन्ही गाड्या आणि सहकाऱ्याची गाडी यांवर टेप धरून पाहिले. आठ फुटी शीटच्या ढिगाचा मध्यबिंदू साडेपाच फुटी हौद्यात मागच्या आसाच्या पावणेदोन फूट मागे येत होता, माझ्या आताच्या हौद्यात तो फुटाच्या आत आला आणि आठ फुटी हौद्यात आसाच्या थोडा पुढे गेला. ढीग आसाच्या मागे गेला की मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते आणि स्टिअरिंग हलके लागते. १८ मिलिमीटरच्या बारा शीट म्हणजे ४०० किलोच्या आसपास वजन होते. तेवढ्या वजनाने जुन्या गाडीचे पुढचे दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जात आणि ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाके पुरेशी पकड घेत नाहीत अशी शंका सतत मनात असे. आता तेच वजन, त्याच रस्त्यावर, निवांतपणे जाते. माझ्या मते हा एकच फरक त्या वाढीव फुटाची किंमत वसूल करतो.

अर्थात तो फूट फुकट मिळालेला नाही. गाडीची एकूण लांबी सुमारे १९.३ फुटांवरून २०.३ फुटांवर गेली आहे आणि ते रोज जाणवते. पार्किंगच्या आखलेल्या चौकटीत नाक तरी बाहेर राहते किंवा शेपूट तरी. वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक पूर्वीपेक्षा अधिक आत कापते. पहिल्या महिन्यात मी दोनदा पदपथाच्या कडेवर चाक चढवले आणि एका इमारतीच्या तळघरात खांबाला दाराखालची पट्टी घासली. जेथे पूर्वी एका दमात वळण होई तेथे आता एकदा मागेपुढे करावे लागते. तीन महिन्यांत हाताला सवय झाली, परंतु अरुंद गल्ल्यांतून दिवसातून दहा वेळा जाणाऱ्या आणि आठवड्यातून एकदाच मोठा माल नेणाऱ्या माणसाला मी हा हौदा घ्यायला सांगणार नाही. त्याने साडेपाच फुटीच घ्यावा आणि त्या एका फेरीसाठी उघड्या फाळक्यावरचा माल अडवायला हौद्याला जोडायची जाळी किंवा भाड्याची गाडी यांचा विचार करावा.

आठ फुटी हौद्याकडे लोक उगीचच बिचकतात असे मला वाटते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे चार दारांची आठ फुटी गाडी असते. जड कामाच्या पिकअपच्या वर्गात ती २२ फुटांहून लांब जाते आणि शहरात खरोखरच त्रासदायक ठरते. पण दोन दारांच्या केबिनला आठ फुटी हौदा जोडला तर गाडी जवळजवळ १९ फुटांचीच राहते, म्हणजे चार दारांच्या साडेपाच फुटी गाडीपेक्षा काकणभर आखूडच. सहकाऱ्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा सहज वळते, तिच्यात शीट फाळका बंद करून सपाट मावतात आणि त्यांवर कुलूप लागते. खरी निवड बऱ्याचदा हौद्याच्या लांबीची नसून मागच्या आसनांची असते. मला ग्राहकाकडे तीन माणसे आणि हत्यारे न्यावी लागतात, सुट्टीत घरची माणसे बसतात, म्हणून चार दारे मी सोडू शकलो नाही. एकट्याने काम करणाऱ्या सुताराला किंवा रंगाऱ्याला मात्र मी दोन दारांची आठ फुटीच घ्यायला सांगेन. ज्यांची जोडणी हौद्याच्या मध्यभागी बसते असे मोठे कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, ओढणाऱ्यांनीही आठ फुटीच पाहावी. आखूड हौद्यात तीव्र वळणावर कॅम्परचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला लागू शकतो आणि ते टाळायला मागे सरकणारी विशेष जोडणी बसवावी लागते.

लांब पाईप, शिड्या, पट्ट्या यांच्यासाठी हौदा लांब घेणे मला पटत नाही. वीस फुटी पाईप आठ फुटी हौद्यातही तितकाच अडचणीचा असतो. त्यासाठी केबिनवरून जाणारी लोखंडी चौकट हाच खरा उपाय आहे आणि ती कोणत्याही लांबीच्या हौद्यावर बसते. मी ती चौथ्या महिन्यात बसवली. त्यानंतरच्या दहा महिन्यांत माल लांब आहे म्हणून फाळका उघडण्याची वेळ केवळ शीट आणतानाच आली.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. ब्रेक लागला की सुटा माल केबिनच्या भिंतीपर्यंत सरकतो आणि हौद्याच्या बाजूने उभे राहून तेथपर्यंत हात पोचत नाही, फाळक्याकडून तर नाहीच. साडेपाच फुटीत मी वाकून पेटी ओढू शकत असे. आता दर वेळी आत चढावे लागते, आणि पन्नाशीच्या गुडघ्यांना ते सोसत नाही. यावर मी दोन गोष्टी केल्या. तळावर खडबडीत रबरी चटई टाकली आणि हौद्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या खाचांत बसेल अशी सागवानी आडवी फळी करून घेतली. सुट्या वस्तू आता फळीच्या अलीकडे, फाळक्याच्या बाजूला राहतात. पुढच्या भागात फक्त तोच माल जातो जो सर्वांत शेवटी उतरवायचा असतो, आणि त्यासाठी एका टोकाला आकडा ठोकलेली पाच फुटी काठी केबिनच्या मागे अडकवून ठेवली आहे.