एकटीनं पहिल्यांदा परदेशात: थायलंड का व्हिएतनाम?

आमच्या भिशीतल्या दोघी-तिघी आणि ऑफिसातली एक पोरगी, सगळ्यांचा सध्या एकच प्रश्न. एकटीनं नाहीतर मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा बाहेर जायचंय, बजेट बेताचं आहे, थायलंड करू का व्हिएतनाम? मी दोन्हीकडं एकटी जाऊन आलेय म्हणून मला विचारतात. तिकिटं, हॉटेलचे रेट, कुठं काय बघायचं हे यूट्यूबवर ढिगानं पडलंय, ते मी सांगत बसत नाही. बाईमाणूस म्हणून तिथं वावरताना कसं वाटतं तेवढंच लिहिते, आणि हे माझ्यापुरतं आहे, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी एक क्लिअर करते. भीती वाटावी असं दोन्हीकडं मला काही दिसलं नाही. रात्री दहा-साडेदहाला दोन्ही देशांत बायका रस्त्यावर असतात, गाडे चालवतात, स्कूटरवर पोरांना घेऊन निघालेल्या असतात, आणि कुणी वळून बघत नाही. सोलापूर स्टेशनवर रात्री उतरायचं असलं की ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी फोन करून ठेवायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे अंगवळणी पडायला जरा वेळच लागला.

कागदावर बघायला गेलं तर थायलंड सरळ सरळ पुढं आहे. टुरिस्ट पोलिस म्हणून वेगळं खातं आहे, ११५५ नंबर, इंग्लिशमधून बोलतात. व्हिएतनाममध्ये ११३ लावला की पोलिस लागतात खरे, पण पुढचा माणूस इंग्लिश बोलेल का हा नशिबाचा भाग, त्यामुळं तिथं हॉटेलच्या रिसेप्शनचा नंबर हाच आपला पोलिस. बँकॉकमध्ये बीटीएस आणि एमआरटी या मेट्रो आहेत, रात्री कुठल्या ड्रायव्हरवर विसंबायची वेळच येत नाही. व्हिसाचं पण तसंच, थायलंडला २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहता येऊ लागलं, फक्त २०२५ च्या मे पासून तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं (हे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या आधी एकदा बघा). व्हिएतनामला ई-व्हिसा काढावा लागतो, एका एंट्रीचे २५ डॉलर, आणि सरकारी साईटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साईट्स इतक्या आहेत की बघून भरा, त्या तिप्पट-चौपट पैसे घेतात.

आणि थायलंडच्या रेल्वेचा तो लेडीज डबा! बँकॉक ते चियांग माई रात्रीची गाडी, ९ नंबरची, तिच्यात बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा स्लीपर डबा असतो. २०१४ ला थायलंडमध्येच दुसऱ्या एका धावत्या गाडीत एका लहान मुलीवर फार वाईट प्रसंग आला, जीव गेला तिचा, त्यानंतर हा डबा सुरू केला आणि गाडीत दारू पण बंद केली. संध्याकाळी गाडी सुटली की अटेंडंट येऊन सीटचा पलंग करून देतो, पांढरी चादर, उशी, आणि प्रत्येक बर्थला आपला आपला पडदा. माझ्या समोरच्या बर्थवर एक थाई आजी होत्या, त्यांनी चप्पल काढून नीट पिशवीत घातली, मला हातानंच खूण केली की तुझी पण आत घे, आणि पडदा ओढून पाच मिनिटांत घोरायला लागल्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसला पर्स उशाखाली घेऊन अर्धवट झोपणारी मी त्या रात्री सलग झोपले. लोअर बर्थ घ्या मात्र, वरचा अरुंद असतो.

व्हिएतनाममध्ये मी हनोई ते दा नांग रेल्वेनंच गेले, चार बर्थची केबिन, मला मिळाली त्यात एक नवरा-बायको आणि एक तरुण मुलगा. दार आतून लागतं, त्रास काहीही झाला नाही, पण रात्रभर एक कान उघडा होता हे खरं.

तिथला दुसरा डोक्याला ताप म्हणजे फूटपाथ. फूटपाथ आहेत, पण त्यावर मोटारसायकली लावलेल्या, त्यामुळं चालणाऱ्यानं रस्त्यावरच उतरायचं, आणि साइगॉनमध्ये (म्हणजे हो ची मिन्ह सिटीत) नेमके तिथंच बाईकवरून येऊन मोबाईल हिसकावणारे असतात. डिस्ट्रिक्ट वनमध्ये हॉटेलवाली पोरगी मला रोज बाहेर पडताना बजावायची, बॅग क्रॉस घाल, भिंतीच्या बाजूला ठेव, मॅप बघायचा असेल तर दुकानात शिरून बघ. हे मी पाळलं, काही गेलं नाही. रस्ता ओलांडायचं तंत्र मात्र तुम्हाला शिकावंच लागेल: हळू, एका स्पीडनं चालत राहायचं, थांबायचं नाही, मागं फिरायचं तर अजिबात नाही, गाड्या तुम्हाला वळसा घालून जातात. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत पाळण्यापर्यंत पोचलेल्या बाईला हे अवघड नाही. नोटांचं पण बघा, वीस हजार डाँग आणि पाच लाख डाँग दोन्ही नोटा निळ्या, रात्री गाड्यावर पैसे देताना एकीच्या जागी दुसरी गेली तर जेवण लई महागात पडतं. मी पाच लाखाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवत होते.

म्हणजे आत्तापर्यंत थायलंडच जिंकतंय ना? तरी मला कुणी खाजगीत विचारलं तर मी व्हिएतनाम म्हणते, आणि त्याचं कारण थायलंडच्या लोकांमध्ये नाहीच. कारण आपलेच लोक आहेत.

पट्टायाहून कोह लार्न बेटावर जाणाऱ्या बोटीत मी बसले होते. जीन्स, टोपी, गॉगल. मागच्या बाकावर सात-आठ जणांचा आपला ग्रुप, सगळ्यांचे सारखे टीशर्ट. आधी हिंदीत सुरू झालं, मॅडम अकेले आये हो, हमारे साथ चलो, वगैरे. मी समुद्राकडं बघत बसले. मग त्यांनी ठरवलं की हिला मराठी येत नसणार, आणि मराठीत सुरू केलं. काय बोलले ते मी लिहीत नाही, बाई एकटी पट्टायाला कशाला येते यावर त्यांचं पक्कं मत होतं एवढंच सांगते. थोडा वेळ ऐकलं आणि मग मागं वळून विचारलं, "कुठल्या गावचे ओ तुम्ही? आम्ही सोलापूरचे." बोटीत एकदम इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. त्यातला एक जण उतरताना माझी पिशवी धरायला आला, "ताई सांभाळून." ताई! पाच मिनिटांपूर्वी कोण होते मी?

तुम्ही म्हणाल एक प्रसंग, तेवढ्यावरून काय. एक असता तर मी पण सोडून दिला असता, पण पट्टायाच्या बीच रोडवर, बँकॉकला सुखुमवितच्या काही भागात, रात्रीच्या मार्केटमध्ये, थोडं थोडं सगळीकडं हेच होतं. टक लावून बघणं, मागून चालत येणं, लिफ्टमध्ये "विच रूम?" आणि याचा उलटा परिणाम असा होतो की तिथले एजंट लोक पण भारतीय चेहरा दिसला की एकाच धंद्याचं बोलायला लागतात, बाई असो की बाप्या. मी हजारो किलोमीटर लांब आले कशासाठी, तर जरा कुणी न बघता फिरावं म्हणून, आणि तिथं जाऊन परत ओढणी सावरत बसायचं. हाच वैताग माझ्यासाठी निर्णायक ठरला.

सगळे तसे नसतात हे मलाही माहितीय, माझा भाऊच मित्रांबरोबर बँकॉकला जाऊन आलाय आणि तो कुणाच्या वाट्याला जाणार नाही. पण आकडाच मोठा आहे. २०२४ ला थायलंडला २१ लाखांच्या आसपास भारतीय गेले, व्हिएतनामला ५ लाखांच्या आसपास, म्हणजे चौपटीचा फरक, आणि तो रस्त्यावर जाणवतो. चियांग माईला गेल्यावर मात्र हा त्रास जवळपास संपलाच, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. थायलंड करणार असाल तर पट्टाया सरळ काटा आणि ते दिवस चियांग माईला द्या.

व्हिएतनाममध्ये मला मिळालं ते हे: हनोईत होआन कीम तळ्याकाठी पहाटे साडेपाचला बाहेर पडले तर सगळीकडं बायका. साठीच्या, सत्तरीच्या, फुलाफुलांचे सैल सूट घालून, छोट्या स्पीकरवर गाणी लावून व्यायाम चाललेला, काही हातपंखे घेऊन नाचत होत्या. मी कडेला उभी होते तर एकीनं दंडाला धरून मला रांगेत ओढलं, स्टेप चुकली की मोठ्यानं हसायच्या, भाषेचा एक शब्द कळला नाही. ग्रॅबची (तिथलं ओला-उबर) बाईक चालवणाऱ्या पण बायका भेटल्या, हेल्मेट स्वतःच्या हातानं बांधून देतात. तिथल्या वास्तव्यात मला एकदाही कुणी नवरा कुठाय असं विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर मला कळलं नाही, दोन्ही चाललं.

अर्थात हे असंच राहील याची गॅरंटी नाही. २०१९ ला व्हिएतनामला जाणारे भारतीय १ लाख ७० हजारांच्या आसपास होते, तिथून हा आकडा इथवर आलाय, डायरेक्ट फ्लाइट्स झाल्यात, दा नांगजवळ बा ना हिल्सच्या त्या दोन भल्यामोठ्या हातांनी धरलेल्या पुलावर तर मला आपल्याकडचीच जत्रा वाटली. जायचं तर लवकर जाऊन या.

जेवणाचं एक सांगते. पक्क्या शाकाहारी असाल तर दोन्हीकडं माशाचा सॉस भाजीत पण असतो. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान शोधा, व्हिएतनाममध्ये पाटीवर "चाय" (Chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) दिसलं की आत शिरा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मी नेली होती आणि दोन्हीकडं संपवली.

आई किंवा सासूबाई बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर मात्र थायलंडच घ्या, फूटपाथचा ताप मला तिथं कमी वाटला, आणि चार जणी मिळून असाल तर त्या ग्रुपांची पण फारशी हिंमत होत नाही. एकटी किंवा दोघी असाल आणि चालायची सवय असेल तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. फक्त दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दा नांगजवळचं होई आन धरू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडं पूर येतो, जुन्या गावातल्या गल्ल्यांत होड्या चालतात. त्या दिवसांत हनोई आणि तिथून जवळचं निन्ह बिन्ह करा, हवा छान असते.