रामनदीवर वापरलेला पाणी तपासणी संच: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गटाने वर्गणी काढून नदीचं पाणी तपासायचा संच घेतला. तेव्हापासून दर महिन्याला तो रामनदीवर नेतो. ज्यांना ही नदी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या डोंगरात उगम, पुढे भूकूम, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळा नदीला मिळते. लांबी वीस किलोमीटरसुद्धा नाही. म्हणून तर एका सकाळी वरपासून खालपर्यंत पाच-सहा ठिकाणी पाणी घेऊन होतं. आपल्या गावच्या नदीसाठी असा संच घ्यावा का, म्हणून बरेच जण विचारतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. पैसे मोजके असतील तर ते सगळे विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चाचणीवर घाला. संचातल्या बाकी गोष्टी तिच्या मदतीला आहेत.

लोकांना मात्र आधी टीडीएस मीटर हवा असतो. घरोघरच्या आरओमुळे टीडीएस सगळ्यांना पाठ झालाय. पुलावर आम्ही बाटल्या मांडून बसलो की येणाराजाणारा पहिला प्रश्न तोच विचारतो, "टीडीएस किती आला?" मीटर स्वस्त आहे, बुडवला की आकडा देतो, चालवायला शिकावं लागत नाही. पण तो फक्त पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देतो. बोअरच्या स्वच्छ पाण्याचा टीडीएस नाल्यापेक्षा जास्त निघू शकतो, आणि पावसाळ्यात मैलापाणी पातळ झालं की आकडा छान दिसतो. मग उपयोग काय? एकाच सकाळी वरच्या ठिकाणी आणि खालच्या ठिकाणी आकड्यात एकदम उडी दिसली, तर मधे कुठेतरी काहीतरी येऊन मिळतंय एवढं कळतं. तेवढ्यासाठी तो बरोबर असावा. सामू (पीएच) मोजायची पेन मात्र आम्ही पेटीतच ठेवतो. तिला दर वेळी 4, 7 आणि 9.2 च्या द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावं लागतं, आणि एवढं करून आमच्या नदीचा सामू साडेसात-आठच्या आसपासच येतो. साध्या पट्ट्या पुरतात.

आता ऑक्सिजन. पद्धत जुनी विंकलरची आहे, कॉलेजात रसायनशास्त्र असलेल्यांना आठवत असेल. बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बूच लावायचं, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगेनीज सल्फेटचे थेंब, त्यामागून अल्कली-आयोडाइड-अझाइडचे थेंब. बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि ठेवून द्यायची. पुढची दोन-तीन मिनिटं सगळे त्या बाटलीकडे बघत बसतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाला बसतो. भूकूमच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात हा साका गडद, चहाच्या चोथ्यासारखा येतो. पाषाणच्या खाली, मार्च-एप्रिलात, साका पांढराच राहतो. पांढरा म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. आमच्यासोबत येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या आणि म्हणाली, "काका, यात मासा कसा जगेल?" पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने मोजून आकडा काढायचा असतोच, पण नदीची स्थिती त्या पोरीला आकड्याआधीच कळली होती. कुठलाही डिजिटल मीटर हे असं दाखवत नाही, म्हणून महागडा ऑक्सिजन मीटर घेण्याऐवजी मी बाटलीच सुचवतो.

आकड्यांचं माप असं: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, मासे आणि वन्यजीवांसाठी 4. पुण्याच्या उंचीवर 25 अंश तापमानाचं पाणी स्वतःहून 7.7 च्या आसपासच ऑक्सिजन धरू शकतं. त्याच्या बरंच वर आकडा आला तर खूश होऊ नका. याचं कारण वेळेत आहे, आणि आमचे पहिले काही महिने हे समजून घेण्यातच गेले. शेवाळाने हिरवं झालेलं पाणी दुपारी उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू तो ऑक्सिजन खात राहतात, आणि पहाटे ऑक्सिजनचा आकडा तळाला जातो. एकाच जागेचे पहाटेचे आणि दुपारचे आकडे ठेवले तर दोन वेगळ्या नद्या वाटाव्यात. मासे मरतात ते पहाटेच्या आकड्याने. म्हणून आमचा नियम पक्का आहे: पहिली बाटली उजाडता उजाडता, आणि कागदावर ठिकाणाच्या आधी वेळ लिहायची. ज्या नोंदीवर वेळ नाही ती आम्ही धरत नाही.

एक सोय फार कामाची आहे. आम्ल घालून झालं की नमुना काही तास टिकतो. सावलीत ठेवून तो घरी आणता येतो आणि मोजणी टेबलावर शांतपणे करता येते. नदीकाठी वाऱ्यात थेंब मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नायट्रेटच्या पट्ट्यांबद्दल सावध करतो. नवख्या माणसाला त्या हमखास चकवतात. सगळ्यात घाण वासाच्या ठिकाणी नायट्रेट जवळपास शून्य येतं, आणि लोक म्हणतात, "बघा, इथे पाणी चांगलंय!" ताज्या मैलापाण्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. त्याचं नायट्रेट व्हायला ऑक्सिजन लागतो, तो तिथे नसतोच, आणि वरून आलेलं नायट्रेटही जिवाणू संपवून टाकतात. तेव्हा नायट्रेटसोबत अमोनियाची पट्टी असेल तरच घ्या. फॉस्फेटची पट्टी फेस आणि जलपर्णीच्या भागात बरं काम करते.

काही संचांत, पाण्यात मैल्यातले जिवाणू असले की काळी पडणारी बाटलीही मिळते. ही हायड्रोजन सल्फाइडची चाचणी 1982 साली ग्वाल्हेरच्या संशोधकांनी पिण्याच्या पाण्यासाठी मांडली. विहिरीला, टाकीला, टँकरच्या पाण्याला ती उत्तमच. शहरातल्या नदीचं पाणी घातलं की मात्र ती दर वेळी काळीच होणार, त्यातून नवं काही कळत नाही. आम्ही त्या बाटल्या उगमाकडच्या वाडीतल्या विहिरींसाठी वापरल्या, आणि तिथे लोकांनी खरोखर पाणी उकळून प्यायला सुरुवात केली.

त्रासदायक बाजूही सांगायला हवी. अझाइडचं द्रावण विषारी आणि दाहक आहे, सल्फ्युरिक आम्ल तर आम्लच आहे. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका, लहान मुलांना पाणी भरायला आणि नोंदी करायलाच बसवा. उरलेलं द्रावण नदीत ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो. आम्ही ते कॅनमध्ये साठवतो आणि ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत देतो. मोजणीत रंग दाखवणारं स्टार्चचं द्रावण उन्हाळ्यात खराब होतं. थायोसल्फेट हळूहळू कमजोर होतं, आणि मग आकडे खऱ्यापेक्षा चांगले दिसू लागतात, हे जास्त धोक्याचं. आमच्यातले निवृत्त रसायनशास्त्राचे सर दर महिन्याला आयोडेटच्या प्रमाणित द्रावणावर ते तपासून घेतात. असं कुणी गटात नसेल तर शोधा, संचाइतकीच त्या माणसाची गरज आहे.

या नोंदींचं पुढे काय होतं? कायद्याच्या दृष्टीने फार काही नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात पुरावा म्हणून चालणारा नमुना कसा घ्यायचा हे कलम 21 मध्ये ठरवून दिलंय, आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच घ्यायचा असतो. आपली बाटली कोर्टात चालत नाही. पण कुठे बघायचं ते ती नक्की दाखवते. हिवाळ्यात एका पुलाच्या वर ऑक्सिजन पाचच्या पुढे आणि अर्ध्या किलोमीटरवर खाली दोनच्या आत, असं लागोपाठ येऊ लागलं. काठाने चालत गेलो तर झाडीत ड्रेनेजचं चेंबर तुंबून नाल्यात वाहत होतं. पहिली तक्रार कुणी न येताच 'निकाली' झाली, आणि त्याचा राग मला अजून आहे. दुसऱ्या वेळी वर-खालचे आकडे, वेळा, फोटो आणि नकाशावरची खूण असं एका पानावर दिलं. त्या पानावर वाद घालायला जागा नव्हती. अभियंता आले, चेंबर साफ झालं, पुढच्या महिन्यात खालचा आकडा साडेतीनपर्यंत चढला. साडेतीन म्हणजे अजून माशालाही पुरेसा नाही, पण त्या ठिकाणी आम्ही पाहिलेला तो सगळ्यात चांगला आकडा होता.

संच आत्ता घेणार असाल तर मे संपायच्या आत घ्या आणि द्रावणं ताजी आहेत ना ते बघून घ्या. जूनच्या पहिल्या जोरदार सरीला रस्त्यांवरची आणि नाल्यांत उन्हाळाभर साचलेली सगळी घाण एकदम नदीत उतरते, ऑक्सिजन काही तासांत कोसळतो आणि मासे वर येतात. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद त्या सकाळची असते, आणि त्या सकाळी दुकानं उघडायची वाट बघता येत नाही.