एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग

आमच्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, आप्पांची. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं तिला रुंद टायर आणि लहान स्टेअरिंग व्हील बसवून घेतलं. गाडी दिसायला झकास झाली, पण वळवायची म्हणजे रेडा ओढायचा. सोलापुरात नवी पेठेत गाडी लावता लावता आप्पांचा खांदा भरून यायचा. मग ते चावी माझ्याच हातात द्यायला लागले. चूक माझी होती, ती पैशानं निस्तरायला, म्हणजे पॉवर स्टेअरिंग बसवून घ्यायला निघालो.

दोघातिघांनी एकाच गॅरेजचं नाव घेतलं. ते इथे देत नाही, तक्रार चालू आहे. तिथला मिस्त्री म्हणाला, "पंप-बिंप नको मालक, इलेक्ट्रिक टाकू. नवा किट, स्पीड कंट्रोलरसकट. वर्षाची वॉरंटी." ४२,००० सांगितले. ३०,००० ॲडव्हान्स तिथल्या तिथे पाठवले. पक्कं बिल मागितलं तर, "जीएसटी लावला की साडेसात हजार वाढतील बघा." मी गप्प बसलो. हातात आली ती वहीतून फाडलेली चिठ्ठी : 'स्टे. काम ४२,०००, जमा ३०,०००'. नवा की जुना, कुठला पार्ट, कसली वॉरंटी, काही नाही.

आठ दिवसांनी आप्पांना घेऊन गेलो. जीप गॅरेजातच उभी, इंजिन चालू, खाली तेलकट गुळगुळीत लादी. आप्पांनी एक बोट लावलं आणि चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. गॅरेजातल्या पोरानं मोबाईलवर शूटिंग केलं. आप्पा हसले. उरलेले १२,००० मी तिथेच दिले. तेलकट लादीवर टायर असाही सहज सरकतो, हे तेव्हा सुचलं नाही.

गावात दोन आठवडे मजेत गेले. मग पुणे हायवेला बाळे गावाच्या पुढे सत्तरचा वेग धरला, तर स्टेअरिंग तितकंच हलकं. नुसतं शिंकलं तरी गाडी बाजूच्या लेनमध्ये जाईल असं. फोन केला. "सवय होईल मालक." महिन्याभरानं तुळजापूरहून परत येताना, घाट उतरताना एका वळणावर जळका वास आला आणि स्टेअरिंग दगडासारखं झालं. पूर्वी जड होतं त्याहून जड, कारण आता बंद पडलेली मोटर आणि तिचा गिअरही हातानंच ओढायचा होता. आप्पा शेजारी बसले होते. दोघांनी मिळून व्हील ओढलं आणि गाडी कडेला घेतली. एवढंच लिहितो.

अक्कलकोट रोडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं सगळं उघडून दाखवलं. यंत्र तसं साधं आहे. कॉलममधला, म्हणजे व्हीलखालच्या दांड्याच्या भागातला, टॉर्क सेन्सर हाताचा जोर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक युनिट, त्या मानानं मोटरला करंट सोडतो. वेग वाढला की मदत कमी व्हायला हवी, म्हणून ईसीयूला वेगाचा सिग्नल लागतो. आमच्या जीपचा मीटर केबलवर चालतो, म्हणजे सिग्नल हवा तर आधी केबलवर सेन्सर बसवायला पाहिजे. त्या केबलला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. संशय यायचा तर तिथेच यायला हवा होता. वेगाची वायर टेप गुंडाळून कोंबलेली. 'स्पीड कंट्रोलर' म्हणून दिलेल्या काळ्या डब्यात एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा साधा स्विच, बाकी सगळं एम-सील. गाडी कायम उभीच आहे असं समजून ईसीयू पूर्ण मदत देत राहिला होता.

कॉलम कुठल्यातरी छोट्या गाडीचा, भंगारातला, नंबराचं स्टिकर खरवडलेलं. पूर्ण वळण देऊन क्लॅम्प मीटरनं करंट मोजला तर ४० अँपियरच्या वर, आणि गाडीची वीज तयार करणारा आमचा आल्टरनेटर ३५ चा. वायर हेडलाइटला घालतात तेवढी. ती वितळली होती. बिघाड दाखवणाऱ्या दिव्याची वायर तर मुद्दाम कापलेली, म्हणजे गिऱ्हाईकाला काही दिसायलाच नको. सगळ्यात वाईट म्हणजे स्टेअरिंगचा दांडा. मापाचा स्प्लाइन कपलर, म्हणजे खाचांत बसणारा जोड, घालायचा सोडून दोन तुकडे साध्या वेल्डिंगनं जोडलेले, आणि त्या जोडाला केसाएवढी चीर. ती बघितल्यावर पैशाचा राग मागे पडला.

मिस्त्री म्हणतो, जुना माल घालतोय हे आधीच सांगितलं होतं. चिठ्ठीवर नवा असं कुठे आहे, हाही त्याचाच प्रश्न. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील म्हणाला केस होईल, पण साडेसात हजार वाचवायला गेलात तिथे अर्धी हातची घालवलीत. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंदवून ठेवलंय. आणि अशा कामाआधी आरटीओत आणि विमावाल्याला विचारायला हवं होतं, मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. मी विचारलं ते नंतर.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर पैसे गॅरेजात देऊ नका. गाडी रस्त्यावर काढा, डांबरावर उभ्या उभ्या वळवा, मग साठ-सत्तरला हात हलका धरून बघा. चावी फिरवल्यावर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो का, ते बघा. दांडा कसा जोडलाय ते बॅटरी घेऊन खाली वाकून बघा. आल्टरनेटर बदलायचा विषयच न काढणाऱ्याकडून निघून या.

जीपला जुना कॉलम परत बसवला, टायर पूर्वीच्या मापाचे घातले. आप्पा आता स्वतः चालवतात, खांद्याची कुरकुर थोडी आहेच. गॅरेजच्या इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ अजून आहे. तेलकट लादी, आमची जीप, आप्पांचं बोट. खाली लोक किंमत विचारतायत.