दगडीवर (गाईच्या कासेच्या सुजेवर) ‘बिनइंजेक्शनचा कोर्स’ विकणाऱ्यांपासून सावध: पलूस-तासगाव भागातल्या गोठेवाल्यांसाठी

एका गोठ्याचा कोर्स १४,८०० रुपयांचा. दहा किलो पावडर ७८० रुपये किलोने ७,८००, सडांवरच्या फवाऱ्याच्या चार बाटल्या ९५० प्रमाणे ३,८००, तपासणी संच १,२०० आणि नोंदणी २,०००. आमच्या गटातल्या अकरा गोठ्यांचे मिळून १,६२,८०० रुपये गेले. बोली अशी होती, की कोर्स चालू असेपर्यंत इंजेक्शन नाही, सडात औषधाची ट्यूब नाही, तरी दगडी होणार नाही आणि ते दूध कंपनी लिटरला ७ रुपये जादा देऊन उचलेल. पहिल्या दोन घरांना दहा दिवसांच्या बिलात जादा पैसे आलेही. ते बघून बाकी नऊ जणांनी भरले. पुढे काय होतं ते सांगायला नको.

पैसे हावरटपणाने गेले म्हणणाऱ्यांनी आधी दूध ओतून देण्याचा हिशोब करावा. सडात ट्यूब सोडली की औषधाचे आणि त्यानंतरचे ठरलेले दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, आणि गाईचा खुराक तर चालूच असतो. अँटिबायोटिकशिवाय बरीचशी दगडी टाळता येते हे शंभर टक्के खरं आहे. या खऱ्या गोष्टीच्या आडूनच हा माल खपवला गेला.

चोरी उघड दिसत होती ती सीएमटी चाचणीत, म्हणजे दुधात द्रावण मिसळून दगडी ओळखण्याच्या चाचणीत: दूध घट्ट झालं की दगडी. चार कप्प्यांची पांढरी पॅडल, जांभळं द्रावण, सगळं ओळखीचंच. ‘कोर्सआधी’ची चाचणी विकणाऱ्याने धार संपल्यावर, निपटून काढलेल्या शेवटच्या दुधावर केली. शेवटच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे ते जास्त घट्ट झालं. ‘कोर्सनंतर’ फरक दाखवताना बाटली दुसरी होती. तिच्यातलं द्रावण फिकं होतं, उघड पाणी घातलेलं. कप्प्यात दूध काठोकाठ आणि द्रावण नावाला. पॅडल गोल फिरवायची सोडून तो दुधाच्या दराचं बोलत राहिला, आणि मग म्हणाला, “बघा, पातळ आहे.” त्याच क्षणी बाटली हातातून घ्यायला हवी होती. त्या फिक्या रंगाचा राग अजून जात नाही. पण पंधरा माणसं भोवती, शेजाऱ्याच्या हातात जादा पैशांचं बिल, अशा वेळी बाटलीचा रंग कोण बघतो?

खरी चाचणी अशी असते: धारेच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा बाजूला काढायच्या, मग प्रत्येक कप्प्यात साधारण दोन ते तीन मिलिलिटर दूध, तेवढंच द्रावण, आणि पॅडल गोल फिरवत दहा ते वीस सेकंदांत निकाल वाचायचा. हलका चिकटपणा त्यानंतर विरून जातो, उशिरा बघणाऱ्याला ते दूध चांगलंच दिसतं. द्रावण आपलं वापरा. विकणाऱ्याचं कधीच नाही.

पावडरीबद्दल सांगत होता, “पाणी पडलं की लाल होते, म्हणजे औषध जागं झालं.” हळदीची बाजारपेठ असलेल्या सांगलीत उभं राहून हे सांगत होता! हळद आणि चुना ओला झाला की लाल होणारच, कुंकू असंच होतं. वर लिंबू पिळलं तर फसफस आली, म्हणजे बाकीची खडूची भुकटी. ७८० रुपये किलोने. आणि हे आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, घालायला सांगितलं, त्यामुळे गाईंनी आंबोण टाकलं. हळद-चुन्याचा खरा उपाय आहे, पण तो वरून लावायचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ तो सांगतं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून लगदा करायचा, त्यातला मूठभर घेऊन १५० ते २०० मिलिलिटर पाण्यात पातळ करायचा आणि धुतलेल्या कासेला दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावायचा. सोबत रोज दोन लिंबं चारायची. सगळं घरचं.

फवाऱ्यावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलं होतं. शिळ्या भातावर दोन थेंब टाकून बघा, आयोडीन असेल तर भात निळा-काळा पडतो. आमचा पांढराच राहिला. औषध दुकानातलं ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन ९०० मिलिलिटर आणि ग्लिसरीन १०० मिलिलिटर मिसळलं की सड बुडवायचं द्रावण तयार. ग्लिसरीन विसरू नका, नुसत्या आयोडीनने सडाला भेगा पडतात आणि भेगेत जंतू बसतात. कपात सड बुडवायचा, फवारायचा नाही, कारण फवारा एकाच बाजूला बसतो. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा ते एक तास उघडं असतं, म्हणून लगेच वैरण टाका, गाय उभी राहिली पाहिजे.

एका गाईला ताप चढला, कास टणक झाली. फोनवर उत्तर आलं, “रोग बाहेर पडतोय, डॉक्टरांना बोलावू नका.” त्या गाईचा मागचा सड गेला. ताप, टणक कास, दुधात गाठी किंवा पाणी दिसलं तर तासभरही थांबू नका. १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि डॉक्टर सांगतील ते औषध द्या. अँटिबायोटिक टाळायचं ते आजार होऊ न देऊन, झालेला आजार अंगावर काढून नव्हे.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात म्हणाले, व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा. पशुसंवर्धनवाले म्हणाले, पाकिटावर औषध लिहिलेलं नाही, ‘पूरक खाद्य’ लिहिलंय. औषधवाले म्हणाले, खाद्य आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, यूपीआय तुम्हीच केलंत. पाकिटावर एक शब्द बदलला की गुन्हा कोणाचाच राहत नाही का? गाईचा सड गेला त्याचा पंचनामा कुठल्या टेबलावर होतो? एकाही साहेबाने पाकीट उघडून हुंगलंसुद्धा नाही. सगळ्यांनी फक्त दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

गप्प बसू नका. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक. धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो, आणि पाच लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची.

जे कोणी पाकिटात विकू शकत नाही ते असं. अंगठा दुमडून धार काढणं बंद करा, सडाला आतून इजा होते, पूर्ण मुठीने काढा. ओलं पाचट गाईखाली ठेवू नका, कासेला लागणारे शेणातले जंतू त्यातच वाढतात. प्रत्येक गाईला पुसायला वेगळं फडकं. धार काढताना पहिलारू (पहिल्यांदा व्यालेल्या) आणि निरोगी गाई आधी, सीएमटीत सापडलेली शेवटी. धार काढायच्या मशीनचे सडावर बसणारे रबरी लायनर २,५०० धारांनंतर बदला: एका युनिटवर दहा गाई, दोन वेळा, म्हणजे सव्वाशे दिवसांत.

बिल पक्कं घ्या, त्यावरचा पंधरा अंकी जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. आमचे पैसे कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यात गेले. रिकामी पाकिटं, बाटल्या, संदेश काहीच टाकू नका. तीच माणसं आता कडेगाव-खानापूरकडे फिरताहेत. पाकिटाचं नाव बदललंय, पावडर ओली केली की अजून लालच होते.