मोटरच्या थरथरीवर चालणारा सेन्सर घ्यावा का साधा लिथियम सेल?

लातूरची दालमिल असो नाहीतर जालन्याची रोलिंग मिल, बेअरिंग जायच्या आधी कळावं म्हणून मोटरीला वायरलेस सेन्सर लावायचं मनात असेल तर त्याला पावर कुठून द्यायची हे आधी ठरवा. विकणारे सांगायलेत की व्हायब्रेशन हार्वेस्टर, म्हणजे मशीनच्या थरथरीतूनच वीज काढणारा डबा लावा, सेल बदलायची कटकटच नाही. पण आधी सेलचा हिशोब बघा.

एए साईजचा लिथियम थायोनिल क्लोराईड सेल ३.६ व्होल्टचा, साधारण २.४ अँपिअर-अवरचा, म्हणजे ८.६ वॅट-अवर झाले. सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला, मधेच उठून रीडिंग पाठवतो, सरासरी १०० मायक्रोवॅट खातो असं धरलं तर कागदावर जवळजवळ १० वर्षं जातात. मोटरजवळची गरमी बघून निम्मी धरा, तरी ५ वर्षं झाली की.

हार्वेस्टर चांगल्या जागी शंभरेक मायक्रोवॅटपासून थोड्याफार मिलिवॅटपर्यंत देतो, पण खरी मेख त्या जागेतच आहे. आतलं वजन ठरावीक वेगानंच जोरात हलतं. ४ पोलची मोटर लोडवर १४४० आरपीएमनं फिरते, म्हणजे सेकंदाला २४ झटके, आणि हार्वेस्टर २४ हर्ट्झला जुळवला असेल तर झकास, पण त्याच मोटरीला व्हीएफडी लावून वेग कमीजास्त केला की पावर एकदम पडते. शिवाय मोटर जितकी चांगली बॅलन्स तितकी थरथर कमी, म्हणजे पावरबी कमी. आणि तुरीचा हंगाम सरला, मिल बंद पडली, की सेन्सरबी बंद.

हार्वेस्टरच घ्यायचा तर पिझो (वाकवली की वीज देणारी पट्टी) का कॉइल (मॅग्नेट हलून तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते तो)? पिझोची पट्टी छोटी, व्होल्टेज जास्त पण करंट अगदी कमी, त्यामुळं पुढं एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आतच असलेली एलटीसी३५८८ सारखी चिप लागतेच, आणि ती पट्टी सिरॅमिकची असल्यानं जास्त हलली की तडकते. म्हणून दालमिलच्या चाळणीवर मी तरी कॉइल-मॅग्नेटवालाच लावीन, आकारानं मोठा असतो पण धक्के सोसतो, आणि चाळणी एकाच वेगानं जोरात हलत असल्यानं हार्वेस्टरला याच्याहून चांगली जागा मिलमधे सापडायची नाही. व्हिडिओत बझरच्या पिझो चकतीवर एलईडी पेटवतात त्याच्यावर जाऊ नका, ती चकती हजारो हर्ट्झला वाजायला बनवलेली असते, २४ हर्ट्झवर तिच्याकडून फारसं काही निघत नाही.

शेतातल्या बोअरच्या पेटीतल्या सेन्सरसाठी तर विचारच नको, तळहाताएवढं सोलर पॅनल लावा, आपल्याकडं उन्हाची काय कमी. मिलच्या आत मात्र उजेड कमी आणि पॅनलवर भुशीचा थर बसतो, तिथं सोलर सोडा.

माझं मत सेलकडंच आहे. हार्वेस्टर फक्त तिथं, जिथं मशीन रोज एकाच वेगानं चालतं आणि सेल बदलायला शिडी लावून, मशीन थांबवून चढावं लागतं. ऑर्डर द्यायच्या आधी मोबाईलमधे फिफॉक्स (phyphox) हे थरथर मोजणारं ॲप टाका, फोन मशीनच्या बॉडीवर पक्का बांधून रिकामं आणि लोडवर असं दोन्ही वेळा रीडिंग घ्या. दोन्ही आलेखांत सगळ्यात उंच टोक एकाच हर्ट्झवर आलं तर तो आकडा हार्वेस्टरवाल्याला द्या आणि तेवढ्यालाच जुळवून मागा, टोक इकडंतिकडं सरकत असलं तर सरळ सेलच मागवा.